सोल्यांच्या दिवसांतला पाहुणा

बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा दिसायला लागल्या की माझं डोकं फिरतं. इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं, ते मला ठाऊक आहे. डिसेंबर लागला की उमरखेडच्या बाजारात ढाणकीकडच्या आणि तांड्यावरच्या बायका पोत्यावर शेंगांचे ढीग लावून बसतात. हिरव्यागार शेंगा, त्यांवर जांभळ्या रेघा, बोटाला चिकटणारा तो कच्चा वास. "घ्या ना मॅडम, सकायीच तोडल्या," म्हणतात. मी घासाघीस न करता दोन किलो घेते. घरी येऊन त्या सोलायच्या, आतले कोवळे दाणे काढायचे. त्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. वांग्यात घाला, भातात घाला, नुसते वाटून आमटी करा, हे दोन महिने आमच्या भागात दुसरं काही शिजतच नाही. आणि हे दोन महिने मला वर्षातले सगळ्यात लांब वाटतात.

रस्त्यानं कापसाच्या गाड्या जातात आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकत राहतात. मी शिकवते त्या शाळेतून येताना ते दिसले की मी अजूनही मनातल्या मनात दिवस मोजायला लागते. मोजायचं काही उरलेलं नाही, तरी मोजते. लहानपणी या पुंजक्यांचा अर्थ एकच होता, बाबा येणार.

माझे बाबा मिशनरी होते. मिशनरी म्हटलं की लोकांना गोरा, दाढीवाला साहेब आठवतो. आमचे बाबा काळेसावळे, बुटके आणि अस्सल इथलेच. ओडिशाच्या डोंगरात सुवार्तिक म्हणून, म्हणजे येशूची शुभवार्ता सांगायला, मिशननं त्यांना पाठवलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. मी, आई आणि तिची बालवाडीची नोकरी उमरखेडला राहिलो. दरवर्षी डिसेंबरात त्यांना सुट्टी मिळायची. वर्ध्याला आगगाडीतून उतरून यवतमाळ, तिथून बसनं उमरखेड. त्यांच्या हातात लोखंडी पेटी आणि अंगाला एक अनोळखी वास असायचा, लाकडाच्या धुराचा आणि कसल्यातरी तेलाचा. दुसऱ्या पोरींचे बाप या दिवसांत शेतावर मुक्कामाला जायचे. आमचा यायचा. मी शाळेत ते मोठ्या ऐटीत सांगायची.

उरलेल्या वर्षभर बाबा प्रार्थनापत्रातून भेटायचे. ही आमच्या लोकांची एक खास रीत आहे. मिशनरी माणूस दर महिन्याला एक पत्र लिहितो, मिशन ते छापतं आणि गावोगावच्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या लोकांना पाठवतं. त्यात कामाचा वृत्तांत असतो आणि शेवटी प्रार्थनेचे विषय. एक, डोंगरावरच्या शाळेला छप्पर मिळावे. दोन, मलेरियाची साथ आटोक्यात यावी. तीन, नवीन विश्वासणारे स्थिर राहावेत. आणि चौथ्या क्रमांकावर आम्ही. "कु. करुणा हिचे गणित कच्चे आहे, तिच्यासाठी प्रार्थना करावी." ती करुणा म्हणजे मी. त्या महिन्यात चर्चमधल्या झाडून साऱ्या बायकांनी मला गाठून विचारलं, "काय गं, आता जमते का गणित?" नागपूरला मामाकडे गेले, तर तिथल्या चर्चमध्येसुद्धा एका अनोळखी काकांनी डोक्यावर हात ठेवून तेच विचारलं. बापानं लेकीला गणित शिकवायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझ्या वजाबाकीची काळजी अख्खा महाराष्ट्र करत होता.

घरी आल्यावर तरी बाबा आमचे असायचे, असं नाही. ते उतरले की आमच्या चर्चचे पाळकसाहेब एक यादी करायचे. कुठल्या संध्याकाळी मिशनरी भाऊ कोणाकडे जेवणार, त्याची. कोंबडी कापायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवायचं, घरप्रार्थना ठेवायची आणि भाऊंनी डोंगरातल्या गोष्टी सांगायच्या. आम्ही मायलेकी मागून जायचो. बाबा किती छान बोलतात हे मी लोकांच्या ओसरीत सतरंजीवर बसून ऐकलंय. अस्वल कसं आलं, नदी कशी ओलांडली, आंधळ्या म्हातारीनं अक्षरं बोटांनी कशी चाचपली. लोक रडायचे, मीही रडायची. घरी परतताना मात्र बाबा दमलेले असायचे आणि काही बोलायचे नाहीत. महिन्यातून चार-पाच वेळा ते घरी जेवले तर मोठं नवल. त्या दिवशी आई सकाळपासून सोले काढत बसायची. सोले-वांगे आणि ज्वारीची भाकर, बाबांच्या आवडीचं. मग तिसऱ्या प्रहरी कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, "वहिनी, आज भाऊले आमच्याकडंच राहू द्या, आमचे पाहुणे आलेत." आई म्हणायची, "न्या ना." भाजी आम्ही दोघी खायचो. दुसऱ्या दिवशीही तीच खायचो.

आणि मग हार्वेस्टचा रविवार. नाताळ झाला, तूर-कापूस घरात यायला लागला, की आमच्या चर्चमध्ये हा सण होतो. वेदीच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची धाटं बांधतात. प्रत्येक कुटुंब आपल्या पिकातलं पहिलं काहीतरी आणून पुढं ठेवतं. कापसाची टोपली, तुरीची पेंढी, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना चालू असताना ती कोंबडी मध्येच ओरडते आणि पोरं खिदळतात. शेवटी अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. शेत नसलेले लोकही परसातलं काही आणतात. आईचा दरवर्षी भोपळा असायचा. एका वर्षी कुणीतरी तो भोपळा चढ्या बोलीनं घेतला आणि मोठ्या मनानं मिशनरी भाऊंच्या घरी भेट म्हणून पाठवून दिला. आमचाच भोपळा वाजतगाजत आमच्याच दारात परत आला. आई हसून हसून खाली बसली. म्हणाली, "देवाले देल्लेलं बी कधीमधी वापस येते बरं का, करुणा." ती इतकी मोकळी हसलेली मी नंतर पाहिली नाही.

मी दहावीत होते तो हिवाळा. त्याआधीच्या पावसाळ्यात आईला धाप लागायला लागली होती. दोन खोल्या झाडल्या की ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे, वर्षाच्या आत मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून घ्या. हे तिनं बाबांना पत्रात लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते छापून आलं असतं. बाबा डिसेंबरात आले तेव्हा तिनं अंगणात बाजेवर बसून, शेंगा सोलता सोलता सांगितलं. मी तिथंच टोपली घेऊन दाणे वेचत होते. बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ते म्हणाले, "मंग मी नाही जात आता. मिशनच्या होस्टेलवर वॉर्डनची जागा खाली हाय म्हन्ते. पाळकसायबाशी बोलतो. इथंच राह्यतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं बाबांची लोखंडी पेटी अंगणात आणली, राखेनं घासून धुतली, उन्हात वाळवली, तळाला वर्तमानपत्र घातलं आणि घरातल्या जास्तीच्या गोधड्या त्यात भरून ठेवल्या. आता ती पेटी प्रवासाची राहिली नाही, घराची झाली. धाप लागत होती म्हणून मी मदत करायला गेले, तर मला हात लावू दिला नाही. बारा वर्षांत त्या पेटीत तिनं स्वतःच्या हातानं काही भरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्या आठवड्यात ती भाकरी थापताना गाणं म्हणायची.

हार्वेस्टच्या रविवारी पाळकसाहेब व्यासपीठावर उभे राहिले. त्यांच्या हातात मिशनचं पत्र होतं. डोंगरातल्या कामावर जायला दुसरा कुणीच तयार नाही, नुकती उभी राहिलेली शाळा बंद पडेल, असं त्यात होतं. बाबांनी आपली अडचण त्यांना सांगितली होती, पण बाबांना स्वतः ठरवायचं नव्हतं. ते म्हणाले होते, "मंडळीपुढं ठेवा. प्रभूची इच्छा कळंल." आमच्यात असंच करतात. घरातला गुंता मंडळीपुढं ठेवतात, मंडळी प्रार्थना करते आणि मग जे होईल त्याला देवाची इच्छा म्हणतात. सगळ्यांनी प्रार्थना केली. कितीतरी जण रडले. मग पाळकसाहेब बायकांच्या बाजूला वळले आणि अतिशय मायेनं म्हणाले, "रूथबाई, भाऊंनी प्रभूच्या कामावर परत जावं, असं मंडळीला वाटतं. तुमची काही हरकत तर नाही ना?"

आई उठून उभी राहिली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. पुढं धाटं, भोपळे, कोंबड्या आणि सगळ्या माना तिच्याकडे. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून बसले होते. मला आजही त्या मिटलेल्या डोळ्यांचा राग आहे. आई म्हणाली, "नाही. काही हरकत नाही." आवाज अगदी साधा होता. वाण्यानं मीठ संपलंय सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसा.

"हालेलूया!" पाळकसाहेब म्हणाले आणि मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणाले. म्हणाले कसली, ओरडले. पुढच्या रांगेतल्या पोरी वळून माझ्याकडे बघत होत्या, पाळकसाहेब बाबांना पुढं बोलवून त्यांच्या डोक्यावर हात ठेवत होते आणि मला वाटत होतं, आपण केवढे मोठे लोक आहोत. आईच्या शेजारी उभं राहून सगळ्यांत मोठ्यानं आमेन मी म्हटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोकांच्या चुका उगाळताना माणूस आपली चूक तळाशी ठेवतो, तसं माझं चाललंय.

घरी आल्यावर आईनं पेटी उघडली, एकेक गोधडी काढली, घडी मोडू न देता दांडीवर टाकली आणि रिकामी पेटी बाबांच्या बाजेखाली सरकवली. मग तिनं कपाटाच्या वरच्या फळीवरून चिनी मातीचं ताट काढलं. तिच्याकडे अशी सहा ताटं होती, निळ्या काठाची. मिशनच्या बंगल्यावरच्या गोऱ्या मिससाहेब कायमच्या त्यांच्या देशी परत गेल्या, तेव्हा बोर्डिंगातल्या या हुशार पोरीला, म्हणजे आईला, देऊन गेल्या होत्या. ती फक्त पाहुण्यांसाठी निघायची. घरातले आम्ही स्टीलच्या ताटांत जेवायचो. त्या दुपारी तिनं माझ्यापुढं स्टीलचं ताट ठेवलं, स्वतःपुढं स्टीलचं ठेवलं आणि बाबांपुढं निळ्या काठाचं. बाजूला घडी केलेला धुतलेला टॉवेल. बाबा खूश झाले. म्हणाले, "आज काय विशेष व?" आई म्हणाली, "विशेष काही नाही. जेवा."

तेव्हापासून बाबांना आमच्या घरात दुसऱ्या ताटात कधी जेवायला मिळालं नाही. दरवर्षी ते यायचे, नवा साबण निघायचा, धुतलेला टॉवेल निघायचा, निळ्या काठाचं ताट निघायचं. आई त्यांना आणखी घ्या, लाजू नका, असा आग्रह करायची. कधी भांडली नाही. कधी टाकून बोलली नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय ही नवऱ्याची सेवा. चर्चमधल्या बायकांना वाटायचंच. एकट्या गंगाकाकीला वाटलं नाही. गंगाकाकी आमची शेजारीण, तिची गावाबाहेर कापसाची शेती. चर्च, मिशन यांच्याशी तिचा संबंध इतकाच की नाताळात आम्ही तिला करंज्या द्यायचो आणि ती आम्हाला संक्रांतीचा तिळगूळ. त्या हिवाळ्यात बाबा परत गेले त्याच आठवड्यात ती शेंगांची टोपली घेऊन आली आणि सोलायला बसली.

"घरी इचारलं व्हतं का त्यानं तुले?" तिनं विचारलं.

"देवाचं काम हाय, काकी."

"ते असू दे. घरी इचारलं व्हतं का?"

आईनं टोपलीतून आणखी शेंगा ओढल्या.

"तिथं एवढ्या लोकायपुढं कोनती बाई म्हनन व, की हो, हाय मायी हरकत? कुत्रं बी नाही म्हननार." गंगाकाकीनं शेंगेचं टरफल रागानं अंगणात भिरकावलं. "हे असं चुलीपाशी इचारा लागते."

आई म्हणाली, "तू शेंगा सोल." पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही. बाहेरच्या बाईला एका दमात जे कळलं, ते आमच्या अख्ख्या मंडळीला कळलं नव्हतं. मला तर नव्हतंच.

ऑपरेशन नागपूरला झालं, मार्चमध्ये. माझी परीक्षा चालू होती. दवाखान्यातल्या कागदांवर मामानं सही केली. बाबांना तार गेली, ते डोंगरातून उतरून यायच्या आत आई शुद्धीवर आली होती, म्हणून मामानंच कळवलं की आता येऊ नका, खर्च कशाला. दोन महिन्यांनी प्रार्थनापत्र आलं. चौथा विषय, "रूथबाईंची शस्त्रक्रिया प्रभुकृपेने यशस्वी झाली याबद्दल आभार." आमच्या घरची बातमी आम्हाला तिकडून छापून आली. आईनं तो कागद वाचला आणि त्यात भाजी निवडली.

ती पुढं सोळा वर्षं जगली. भर पावसात गेली, बाबा तिसऱ्या दिवशी पोहोचले. मातीवरची फुलं सडली होती. त्या रविवारी त्यांनी चर्चमध्ये साक्ष दिली की रूथ ही माझ्या सेवेचा कणा होती, तिनं मला कधी अडवलं नाही. ऐकणारे हुंदके देत होते. मी खाली सतरंजीची वीण बघत बसले होते. मी लग्न केलं नाही. कारण विचारणाऱ्यांना मी काहीबाही सांगते. खरं सांगायचं तर वाट बघण्याचं काम एका घरात एकीनं केलं तेवढं पुष्कळ झालं.

माझं देवाशी भांडण नाही, हेही इथं लिहून ठेवते. मी दर रविवारी चर्चला जाते, गाते, आणि डोंगरातल्या त्या शाळेतून पुढं दोन नर्सबाया आणि एक तहसील कचेरीतला कारकून तयार झाला, हे मला माहीत आहे. ते काम खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला किती सोपं गेलं असतं.

सात वर्षांपूर्वी बाबा कायमचे आले. तीच पेटी. चर्चनं हार घातला, शाल दिली, पंधरा दिवस पुन्हा जेवणाची यादी झाली. मग यादी संपली. ज्यांच्या ओसऱ्यांत ते अस्वलाची गोष्ट सांगायचे ती माणसं गेली, त्यांची मुलं पुण्याला आहेत. आता बाबा मागच्या बाकावर बसतात. ऐकू कमी येतं, त्यामुळे प्रार्थना संपायच्या आधीच आमेन म्हणतात आणि पोरं वळून बघतात. बाबांची वऱ्हाडी बोली मात्र तशीच्या तशी राहिलीय, मी लहान असताना जशी होती तशी. इथले लोक बदलले, बोलणं बदललं, ते मात्र कुणी जपून ठेवलेलं परत आणून द्यावं तसे बोलतात. रविवारी दुपारी तिकडून फोन येतो. मोबाईलच्या पडद्यावर पाच-सहा चेहरे दाटीवाटीनं दिसतात. चाळिशीचे बाप्ये आणि त्यांची पोरंबाळं, सगळे त्यांना बाबाच म्हणतात. त्यांच्या भाषेत बाबा खळखळून हसतात. मी आत कणीक मळत असते. ते हसणं मला ऐकू येतं आणि त्यातलं एक अक्षर कळत नाही.

मी त्यांना उपाशी ठेवत नाही, औषधं चुकवत नाही, आंघोळीला पाणी तापवते. आणि जेवायला वाढते ते निळ्या काठाच्या ताटात. सहांतली चार उरलीत. आईचं दुसरं काही मी पुढं चालवलं नाही, तिचं शिवणकाम नाही, तिचा भोपळा नाही. एवढं एक चालवते. शेंगांच्या दिवसांत बाबा सकाळपासून ओसरीवर सोलायला बसतात. हात थरथरतात, पण दाणा मोडत नाही. याच महिन्यात एकदा मान वर न करता ते म्हणाले, "करुणा, मले साध्या ताटात वाढत जाय ना. हे जड पडते." मी म्हटलं, "राहू द्या बाबा. चांगलं आहे ते." त्यांनी मान हलवली आणि पुढची शेंग उचलली.

परवा हार्वेस्टचा रविवार झाला. धाटं होती, कोंबड्या होत्या. आता लिलाव पुकारायला माईक असतो. आणि एक तरुण जोडपं होतं. नवरा मिशनवर निघालाय, उत्तरेकडे कुठंतरी. बायको घरीच राहणार, सासूसासरे म्हातारे आहेत, पोटात बाळ आहे. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, गिटार वाजवतात. तेही वळले आणि हसून म्हणाले, "ताई, तुमची काही हरकत तर नाही ना?" ती उठली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचे डोळे मिटलेले. "नाही," ती म्हणाली. सगळे आमेन म्हणाले. मी म्हणाले नाही. ओठ घट्ट मिटून बसले आणि स्वतःवर जरा खूश झाले. मग माझ्या लक्षात आलं, मागच्या बाकावरून बाबांचाही आमेन आलेला नाही. वळून पाहिलं तर ते आपल्या हातांकडे बघत होते.

घरी येताना त्यांनी माझा दंड धरला होता. वाटेतल्या बाभळींवर कापूस लटकला होता. अर्ध्या वाटेत ते थांबले.

"तुया आईची हरकत व्हती का?"

छत्तीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. किती वेळा मनात घोकलं होतं. पण तोंडातून आलं ते एवढंच, "तिनं तुमच्या पेटीत गोधड्या भरल्या होत्या, बाबा."

"मले वाटलं," ते म्हणाले, "कसर लागू नये म्हून भरल्या." मग पुढं म्हणाले, "मी डोये मिटले नसते, तर ते बोलली असती का व?"

मला हो म्हणता आलं असतं. नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "चला, पाहुणे येतील."

पाहुणे म्हणजे पाळकसाहेब आणि ते जोडपं. मीच जेवायला बोलावलं होतं. त्या मुलीला एकटीला स्वयंपाकघरात घेऊन काही बोलावं, असा माझा बेत होता. गंगाकाकीचं वाक्य तिला सांगावं, असं मनात होतं. सोले-वांगे केले होते, भाकरी गरम होत्या. मी निळ्या काठाची चारही ताटं मांडली, पाळकसाहेबांना एक, त्या दोघांना दोन, बाबांना एक. आणि बाबा उठले. भिंतीला धरत स्वयंपाकघरात आले, मांडणीवरून एक स्टीलचं ताट काढलं, कपाळाला लावावं तसं दोन्ही हातांत धरून बाहेर गेले आणि आपल्या जागेवर ते पुढं ठेवून बसले. चिनी मातीचं ताट त्यांनी हळूच बाजूला सारलं. पाहुणे बघत होते.

आता काय झालं ते सरळ सांगते. मला त्यांच्या त्या पुढं ठेवलेल्या ताटाची दया आली होती. वाटेवर ते जे बोलले तेही छातीत होतं. मी वाढणार होते त्यात. पण माझा हात आपोआप गेला, त्यानं ते स्टीलचं ताट उचललं, निळ्या काठाचं परत त्यांच्यापुढं सरकवलं, आणि सगळ्यांसमोर, हसून, मायेनं मी म्हणाले, "बाबा, यातच वाढते. तुमची काही हरकत तर नाही ना?"

पाळकसाहेब हसले. जोडपं हसलं. सगळ्या माना बाबांकडे वळल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी डोळे खाली घातले.

"नाही," ते म्हणाले. "काही हरकत नाही."

तोच आवाज. एका अक्षराचा फरक नाही. मीठ संपलंय, बरं.

पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, तुम्हीच प्रार्थना करा." बाबांनी या अन्नाबद्दल, या घराबद्दल, हे घर चालवणाऱ्या लेकीबद्दल प्रभूचे आभार मानले. स्टीलचं रिकामं ताट माझ्या हातात होतं. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. प्रार्थना संपली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं आमेन मीच म्हटलं.